एकशे अठ्ठावीस सेकंद

उस्मानपुरा, औरंगाबाद
११ नोव्हेंबर २०१८

चि. शालू,

तुझा नाशिकचा पत्ता मी शाळेच्या कचेरीतून काढला. लिपिक देत नव्हता. मी आवाज चढवला, मग दिला. तेव्हा त्याला दोष देऊ नकोस.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. आशीर्वाद लिहीत नाही, माझ्याकडून तुला ते नको असतील. थेट कामाचं लिहिते.

तुमच्या हर्सूलच्या जागेचं अपील अजून जिवंत आहे. मला वाटलं होतं, पालं पाडली तेव्हाच सगळं संपलं. पण परवा क्रांती चौकात तुझी आई भेटली. डोक्यावर पोतं होतं. मला पाहून तिनं रस्ता बदलला नाही, एवढं तिचं मोठेपण. तिनंच सांगितलं की सखाराम वकिलांनी अर्ज पुढे रेटलाय आणि उन्हाळ्यात शेवटची सुनावणी आहे. तुमची अकरा कुटुंबं २०१६ मध्ये त्या माळावर खरोखर राहत होती एवढं सिद्ध झालं, तर दुसरीकडे जागा मिळेल. नाही झालं, तर फाईल कायमची बंद.

ते सिद्ध झालं नाही याचं मोठं कारण माझे चार फोटो आहेत, हे तुला माहीत आहे आणि मलाही. मला त्यावर साक्ष द्यायची आहे. गेल्या सुनावणीला मी येऊ शकले नाही, कारण त्या दिवशी मी बहिणीकडे नागपुरात होते. तसं मी तेव्हाही कळवलं होतं.

तुझ्याकडून मला दोन गोष्टी हव्यात. सखाराम वकिलांचा नंबर, आणि तुझी आई व आजोबा हल्ली कुठं राहतात तो ठिकाणा. आईला मी विचारला होता. ती म्हणाली, "कामून? आता अजून काय काढायचं ऱ्हायलंय?"

यंदा पुन्हा पाऊस नाही. नळ सहाव्या दिवशी येतो. तुमच्या माळाला पत्र्याचं कुंपण घातलंय आणि त्यावर हिरव्या झाडांची चित्रं रंगवली आहेत.

अंबिका सोळुंके


६ जानेवारी २०१९

चि. शालू,

उत्तर आलं नाही. वकिलांचा नंबर मी कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याकडून मिळवला. ते माझ्याशी नीट बोलले. म्हणाले, "बाई, साक्षीत नुसता पश्चात्ताप चालत नाही. फोटो कसा निघाला ते क्रमानं लिहून आणा." पस्तीस वर्षं विज्ञान शिकवूनही ते मला कागदावर नीट उतरवता येईना. म्हणून आधी तुला लिहून पाहते. तू माझी विद्यार्थिनी होतीस, चुकलं तर तुला कळेल.

कॅमेऱ्याचा पडदा साधारणपणे सेकंदाच्या शंभराव्या भागापुरता उघडतो, म्हणून चालता माणूस थांबल्यासारखा दिसतो. पडदा एक सेकंद उघडा ठेवला की तोच माणूस फरकाटा होतो. दोन मिनिटं उघडा ठेवला, तर जे जागचं हलत नाही तेवढंच उमटतं, आणि जो चालत गेला त्याची खूणही राहत नाही. भर उन्हात एवढा वेळ पडदा उघडा ठेवला तर चित्र पांढरंफटक पडेल. म्हणून लेन्सवर काळी काच लावायची. मी दोन काचा एकावर एक लावत असे.

पहिला प्रयोग मी क्रांती चौकात केला, एका ओळखीच्या दुकानाच्या गच्चीवरून. निवृत्तीचं पहिलं वर्ष, आणि यांना जाऊन आठ महिने झालेले. खाली रिक्षा, ट्रॅक्टर, टँकर, हॉर्न, शिव्या. दोन मिनिटांनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पाहिलं तर चौक मोकळा. उन्हात नुसता रस्ता आणि पुतळा. शालू, आठ महिन्यांत मला त्या क्षणी पहिल्यांदा बरं वाटलं. माणसं नकोशी झाली होती मला. भेटायला येणारी, धीर देणारी, बारावा-तेरावा विचारणारी. तेव्हा मी हे असं स्वतःशीही मान्य केलं नसतं. मी म्हणत होते, प्रयोग करते आहे.

मग २०१६ च्या एप्रिलमध्ये तू दहावीचा पेपर झाल्यावर पेढे घेऊन आलीस आणि म्हणालीस, "बाई, आमच्याकडं या की, लई चांगलं दिसतं तिथून." आमच्याकडं म्हणजे हर्सूल तुरुंगाच्या पलीकडचा माळ. २०१२ च्या दुष्काळात तुम्ही भोकरदनकडून मेंढरं घेऊन आलात आणि तिथंच राहिलात. तू मला बोलावलंस. हे मी साक्षीत लिहिणार नाही, पण तुला ते विसरता येत नसेल हे मला कळतं.

चाळीस दिवस मी तिथं येत होते. टँकर यायचा तेव्हाचा फोटो तुला आठवत असेल. बायका हंडे घेऊन धावायच्या, भांडायच्या, तुझी चुलती पाईप धरून ओरडायची. फोटोत नुसता टँकर आणि रांगेत ठेवलेल्या घागरी. घागरी इतक्या स्वच्छ की पोचे मोजावेत. उन्हं तापली की मेंढरं माघारी यायची तो फोटो घेतला, तर दोनशे मेंढरांचं जमिनीलगतचं पांढरं धुकं झालं. मी खूश. तुझी आई मात्र खूश नव्हती. पहिल्याच दिवशी तिनं नवं लुगडं नेसून सगळ्या बायकांना पालासमोर ओळीनं उभं केलं होतं.

मी म्हणाले, "दगडाबाई, असं खांबासारखं उभं राहायचं नाही. आपापली कामं करा. मी इथं नाहीच असं समजा."

"आन् तोंड कसं दिसंल मंग?"

"तोंड दाखवायचा फोटो नाही हा."

"आमी काय चोर हाव व्हय, बिनतोंडाचा फोटू काढाया?" सगळ्या हसल्या. मग ती तुझ्या चुलतीला म्हणाली, "चला गं, बाईला आपुन नको हाव, पालं पायजेत."

बरोबर बोलली होती. मी तिला दटावलं. वर्गात दटावावं तसं. आणि तुम्ही सगळ्यांनी माझं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून कोणी उभं राहिलं नाही. शाळेतल्या बाई सांगतात म्हणजे तसंच करायचं असणार.

तुमच्या लोकांची फोटोसाठी ताठ उभं राहायची सवय मी मोडली नसती, तर प्रत्येक फोटोत निदान पाच-सहा माणसं दिसली असती. हे वाक्य वकिलांच्या कागदावर जाणार आहे.

अंबिका सोळुंके


१७ मार्च २०१९

शालू,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एकच ओळ आहे: "तुम्ही नागपुरात नव्हता." सही नाही. अक्षर ओळखलं. 'र' अजून तसाच काढतेस.

नव्हते.

तुला कोणी सांगितलं ते विचारत नाही. कदाचित तुला तेव्हापासूनच माहीत होतं आणि मी कबूल कधी करते ते पाहत होतीस. तर आता क्रमानं.

२०१६ च्या सप्टेंबरात प्रदर्शन झालं. चौकटीखाली मी गाव, तारीख, वेळ लिहिली: "हर्सूल, ८ मे २०१६, सकाळी ११.१०." पडदा किती वेळ उघडा होता ते लिहिलं नाही. मुद्दाम. लोकांनी नवल करावं, विचारावं, असं वाटत होतं. कोणी विचारलं नाही. उद्घाटनाला आलेले पाहुणे टँकरच्या फोटोसमोर उभे राहिले, त्यांचे डोळे भरून आले आणि माईकवर ते म्हणाले, "दुष्काळानं ओस पडलेली वस्ती बाईंनी टिपली आहे. इथली माणसं कुठं गेली असतील?" टाळ्या पडल्या. माझी पाळी आली. माणसं कुठंही गेलेली नाहीत, त्या क्षणी चौकटीत पंचवीस जणी होत्या, एवढं म्हणायचं होतं. मी म्हणाले, "दुष्काळ माणसं पुसून टाकतो." त्यावरही टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात ते वाक्य मोठ्या अक्षरात आलं, खाली फोटो, आणि माझ्या नावापुढे निवृत्त विज्ञान शिक्षिका.

मे महिन्यात अकरा वाजता हर्सूलच्या माळावर धुकं कसं, हेसुद्धा कोणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

नंतरचं तुला माहीत आहे. जागेवर हक्क सांगणाऱ्यांनी ते चार फोटो आणि पेपरातलं कात्रण जोडलं. म्हणे, ही पालं दाखवण्यापुरती उभी केलेली आहेत, इथं राहत कोणी नाही, एका प्रतिष्ठित शिक्षिकेनं तारीख-वेळेसकट नोंदवलंय. तुमच्याकडे दुसरा पुरावा नव्हता. शिधापत्रिका भोकरदनची, मतदान भोकरदनला. आणि शाळेच्या दाखल्यावर तुझा पत्ता हर्सूल गावातल्या मामाचा. तू प्रवेशाच्या अर्जात "माळावरचं पाल" लिहिलं होतंस. तो अर्ज मी परत केला होता आणि म्हणाले होते, "हा काय पत्ता झाला? नीट लिहून आण."

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी तू गणवेशातच दारात उभी राहिलीस. अकरावीत होतीस. आत ये म्हटलं तरी आली नाहीस. म्हणालीस, "बाई, तुम्ही नुसतं सांगायचं की आम्ही होतो. तुमचं ऐकतील." मी येते म्हणाले. सकाळी साडी नेसून, पिशवी घेऊन तयार झाले. मग कात्रणाची फाईल उघडली आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. साक्षीला उभं राहिलं की पहिला प्रश्न हाच येणार होता: बाई, मग तेव्हा खोटं बोललात की आता? पस्तीस वर्षं मी मुलींना कॉपीसाठी वर्गाबाहेर उभं केलं आहे. मला तसं उभं राहायचं नव्हतं.

फोन बंद केला. दाराला कडी लावली. तू दुपारी येऊन दार वाजवलंस तेव्हा मी आतल्या खोलीत खुर्चीवर बसले होते. तू बराच वेळ वाजवत होतीस. मग शेजारच्या आवडाबाईंनी तुला विचारलं आणि तू म्हणालीस, "बाई बाहेरगावी असतील." माझी बाजू तूच घेतलीस. नागपूर मला नंतर सुचलं.

पुढच्या एप्रिलमध्ये जेसीबी आला.

यावर तू क्षमा करावीस असं मी म्हणत नाही. करू नकोस. सुनावणी १५ मे ला आहे, मी जाणार आहे.

अंबिका सोळुंके


१६ मे २०१९

चि. शालू,

काल गेले. सकाळी दहापासून बाकावर बसले, बारा वाजता आत बोलावलं. अधिकारी तरुण आहे, विश्वजीत नाव. उद्धट नाही. माझं चार पानी निवेदन त्यानं पूर्ण वाचलं, असं वाचणारे कमी. मग म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? मला हे समजलं पण पटत नाही. पंचवीस बायका गायब कशा होतील?"

मी कॅमेरा नेला होता. म्हटलं, व्हरांड्यात या. स्टँड लावला. शिपाई सांडू आणि दोघे कारकून यांना म्हटलं, दोन मिनिटं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहा. सांडू म्हणाला, "साहेब बी चालू द्या की, आमीच कामून?" साहेबही चालले. दोन मिनिटं चौघं येरझाऱ्या घालत होते, सुनावणीला आलेली माणसं खिडकीतून बघत होती. मग मी फोटो दाखवला. बाक, पाण्याचं पिंप, नोटिशींचा फळा. माणूस एकही नाही.

सांडूनं स्क्रीनला नाक लावलं. "आयला, मी तर मधोमध चाललो व्हतो!"

कारकून म्हणाला, "सांडू, आजची हजेरी कट."

"आन् साहेबाची?"

सगळे हसले. मलाही थोडं हसू आलं. वाटलं, जिंकलो. शालू, अडीच वर्षांत मला पहिल्यांदा वाटलं की तुला लिहायला काही तरी आहे.

अधिकारी आत जाऊन बसला आणि म्हणाला, "मान्य. तुमच्या फोटोंवरून तिथं कोणी नव्हतं, असं म्हणता येत नाही. तसं मी लिहितो." मी म्हटलं, मग झालं. तो म्हणाला, "नाही ना मॅडम. तिथं कोणी होतं, असंही त्यावरून म्हणता येत नाही. आत्ता व्हरांड्यात आम्ही होतो हे मला माहीत आहे, कारण मीच चालत होतो. त्या माळावर मी नव्हतो." मी म्हणाले, मी होते, मी सांगते आहे ना. त्यानं कात्रण माझ्यापुढे सरकवलं. खाली माझंच वाक्य होतं.

मग तो म्हणाला, "चाळीस दिवस गेलात तुम्ही. एखादा साधा फोटो असेल की. एक चेहरा, मागे पालं, तारीख. एवढं पुरेल मला. शनिवारी पाचपर्यंत फाईल उघडी ठेवतो." सखाराम वकील माझ्याकडे वळून बघायला लागले. त्यांच्या तोंडावर आशा होती. ती मला बघवली नाही.

घरी येऊन सगळे फोटो तपासले. तीनशे चाळीस आहेत. प्रत्येकाच्या नोंदीत पडद्याची वेळ आहे: एकशे अठ्ठावीस सेकंद, एकशे अठ्ठावीस सेकंद. साधा एकही नाही. साधे फोटो काढणं मला हलकं वाटत होतं.

एक होता. हे मी वकिलांना सांगितलेलं नाही, तुला सांगते.

८ मे ला, टँकरच्या दिवशी, तुझे आजोबा कडुबा चौकटीत येऊन उभे राहिले. धुतलेलं धोतर, लाल पटका, त्या उन्हात खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मी ओरडले तरी हलले नाहीत. त्यांना ऐकू कमी येतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पडदा उघडलेला होता, मी चिडून तसाच पूर्ण होऊ दिला. दोन मिनिटं आठ सेकंद तो माणूस दगडासारखा उभा होता. गालावर माशी बसली तरी हात उचलला नाही. फोटोत मागचं सगळं गेलं होतं, बायका नाहीत, मेंढरांचं धुकं, आणि मधे आजोबा. पटक्याची घडीन् घडी दिसत होती. मागे तुमचं पाल, बाजूला टँकर.

त्यांनी जवळ येऊन विचारलं, "आला का फोटू?"

मी म्हणाले, "आला, आला. आता व्हा बाजूला." आणि त्यांच्यासमोरच तो पुसून टाकला. बिघडलेला फोटो म्हणून. त्यांना बटण कळलं नाही. त्यानंतर, ११.१० ला, तीच चौकट पुन्हा घेतली. प्रदर्शनात गेली ती.

काल रात्री आणि आज दिवसभर, पुसलेलं परत मिळतं का ते एका दुकानात बसून पाहिलं. त्या कार्डावर मी नंतर शंभरदा फोटो घेतले आहेत. नाही मिळत.

अंबिका सोळुंके


१९ मे २०१९

चि. शालू,

काल पाच वाजता फाईल बंद झाली. अधिकाऱ्यानं फोन करून सांगितलं, एवढं सौजन्य दाखवलं. "पुराव्याअभावी" असं लिहिलं आहे.

तुझ्या आईला हे दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून आज सकाळी शेंद्र्याला गेले. ठिकाणा वकिलांनी दिला. नव्या इमारतींच्या मागे पत्र्याच्या खोल्या आहेत, तिथं. दगडाबाई विटा वाहून नुकत्याच आल्या होत्या, रविवारीही काम असतं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. फाईलचं, कात्रणाचं, दाराला कडी लावल्याचं, आणि पुसलेल्या फोटोचंही. त्यांनी ओरडावं म्हणून मी वाट पाहत होते. त्या खाली बसल्या, पायातला काटा काढावा तसं टाचेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या,

"बाई, म्हाताऱ्याला सांगू नका."

मी विचारलं, का?

"त्यानं मेंढरं इकली त्या फोटूच्या भरवशावर. समद्यास्नी सांगत सुटलाय, बाईकडं माझा फोटू हाये, सायबाला दावला की जागा गावती. बाकीच्यांचा नाय, माझा येकट्याचा हाये म्हनतो. तेवढ्यावर जगतोय."

मी म्हणाले, मी खोटं सांगणार नाही. खूप झालं खोटं.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "आमच्या येळंला खरं आठवलं व्हय तुमाला?"

तेवढ्यात आजोबा आतून आले. फार वाळले आहेत. मला ओळखलं, हात जोडले. मी खाली वाकून नमस्कार केला तर मागे सरले. माझ्या कानाशी, म्हणजे त्यांना वाटलं कानाशी, मोठ्यानं म्हणाले, "बाई, दावला का सायबाला?"

तुझी आई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मी म्हणाले, "दाखवला."

"काय म्हनला?"

"म्हणाला, माणूस स्पष्ट दिसतो."

"दिसनारच. हाललोच न्हाई मी." त्यांनी सगळ्या खोल्यांकडे वळून पाहिलं. तीन-चार जण बाहेर आले होते, त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय म्हनलो व्हतो? मंग बाई, कागद कवा व्हत्याल?"

आजोबांनी माझा हात धरून ठेवला होता. मी दिवाळीनंतर असं सांगितलं आहे.

जूनमध्ये सुटीला तू तिथं जाशील. ते तुलाही विचारतील. तूही दिवाळीनंतर असंच सांग.

अंबिका सोळुंके